उबुंटू २०.०४ वर सोर्समधून बिल्ड करताना ‘सीमेक ३.२० हवं’ (CMake, सोर्स कोड बिल्ड करायला लागणारं टूल) म्हणतंय, अख्खी ओएस बदलू का?

नाही हो भाऊ, ओएसला हात नका लावू, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (बाकी सिस्टिमपासून वेगळा पायथॉनचा कप्पा) बनवून त्यात पिपने (पायथॉनचा पॅकेज इन्स्टॉलर) नवीन सीमेक टाका, बस. २०.०४ च्या ॲप्टमध्ये (उबुंटूचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर) सीमेक ३.१६ च आहे, कितीदा अपडेट मारलं तरी तेच येणार, जळगावला आमच्या लॅबच्या मशीनी याच व्हर्जनच्या आहेत म्हणून माहितीये. टाकल्यावर जुना बिल्ड फोल्डर पूर्ण उडवा, नाहीतर त्यातली कॅश (साठवलेली आधीची सेटिंग्ज) जुन्याच सीमेकला धरून बसू शकते आणि वाटतं की काहीच झालं नाही (इथेच सगळे अडकतात). फक्त पिपला ४ च्या खालचं व्हर्जन मागा, कारण सीमेक ४ ने ३.५ च्या आधीच्या सीमेकसाठी लिहिलेल्या प्रोजेक्टचा सपोर्ट काढून टाकलाय आणि बरेच जुने प्रोजेक्ट त्यावर कॉन्फिगरच होत नाहीत.