हवामानबदलाचे 'संशयवादी': शंका कोणाची, नकार कोणाचा?

दादरच्या एका अनुवादक वाचकांनी विचारलंय: 'क्लायमेट स्केप्टिक'साठी 'हवामानबदल-संशयवादी' लिहावं का, आणि 'क्लायमेट लीडरशिप'ला 'हवामान नेतृत्व' चालेल का?

'संशयवादी' सरसकट नको. संशयवाद ही तत्त्वज्ञानातली भूमिका, माणसाला खात्रीचं ज्ञान होतं का इथपासून शंका घेणारी. हे बिरुद ट्रम्प यांना कसं लावायचं? २०१२ मध्ये त्यांनी ट्वीट केलं की तापमानवाढीची कल्पना चीननेच स्वतःच्या फायद्यासाठी काढली. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यांनी हवामानबदलाला जगातली सर्वांत मोठी फसवणूक ठरवलं. यात शंका औषधालाही नाही, छातीठोक नकार आहे. त्यासाठी कोर्टकचेरीतला 'नाकबूल' तयारच आहे. 'हवामानबदल साफ नाकबूल करणारे नेते' कुठल्याही वाचकाला कळेल.

'साशंक' मात्र जपून ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. 'एका दिवसाच्या पावसावरून हवामान बदललं असं कसं म्हणता?' असं लोकलमध्ये कोणी विचारलं, तर तो रास्त प्रश्न आहे. अनेक वर्षांच्या नोंदी पुढे ठेवल्या की असा माणूस ऐकतो. तो साशंक. आकडे दाखवल्यावरही 'छे, आमच्या लहानपणीही असाच पडायचा' हे पालुपद सोडत नाही, तो नाकबूल. बोलताना त्याला खुशाल 'शंकासुर' म्हणा, बातमीत नको. कोकणातल्या शिमग्याचा संकासुर तेवढ्यासाठी वेठीला धरू नये.

खरी गफलत पुढे होते. हवामानबदल पूर्ण मान्य, पण पुढारपण करणाऱ्या देशांवर भरवसा नाही, असेही पुष्कळ आहेत. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत कबूल केलं की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा गाठायला २०२२ उजाडलं. २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचं ठरलं, तेव्हा भारताने ही रक्कम तुटपुंजी म्हणून भर सभेत हरकत घेतली. या हरकतीच्या बातमीत भारताला 'संशयवादी' म्हटलं, तर वाचक त्याला ट्रम्प यांच्याच पंगतीला बसवेल. इथे विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं कामाला लावा: 'हवामानबदलाविषयी साशंक' वेगळे, 'श्रीमंत देशांच्या आश्वासनांविषयी साशंक' वेगळे. शंका कशाविषयी, हे लिहिल्याशिवाय 'साशंक' वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

'हवामान नेतृत्व' वाचलं की वेधशाळेचा नवा संचालक नेमल्यासारखं वाटतं. 'पुढाकार' घ्या. तो घेता येतो, सोडता येतो, दुसऱ्याकडे जातो. तापमानवाढ रोखण्यासाठीच्या पॅरिस करारातून अमेरिका नोव्हेंबर २०२० मध्ये बाहेर पडली, फेब्रुवारी २०२१ मध्ये परतली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. 'अमेरिकेने पुन्हा अंग काढून घेतलं. आता पुढाकार कोणाचा?' हा मथळा मी बिनदिक्कत छापीन.

जाता जाता: राज्य सरकारच्या खात्याचं नाव 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग' असं आहे. खात्याचा उल्लेख करताना ते तसंच ठेवा, एरवी 'हवामानबदल' जोडून लिहा.