लोक परत यायला हवेत तर आधी मैदानाकडे बघ

फुटबॉल संघाचं कर्णधारपद मिळालं, मनापासून अभिनंदन. रील्स आणि नव्या जर्सीचं नंतर बघू. प्रेक्षक तुटलेत ते संघाच्या हरण्यामुळे नाही, वागण्यामुळे. पंचांच्या अंगावर धावून जाणं, आईबहिणीवरून शिव्या. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत आजी नातवाला घेऊन उभी असते, तिला सगळं ऐकू जातं. अपमानास्पद शिवीला नियमाने सरळ लाल कार्ड आहे. सरावातही शिवी दिली की त्या दिवशी बाहेर, हे आजच सांग. स्टार स्ट्रायकरलाही तोच नियम, नाहीतर कुणी मानणार नाही.

सराव संपला की बाटल्या, टेपचे तुकडे, केळ्याची सालं स्वतः उचला. मैदान पालिकेचं असलं तरी सकाळी चालायला येणाऱ्या काकांना ते आपलंच वाटतं, आणि बरोबरच आहे.

जवळच्या पालिका शाळेतल्या पोरांना रविवारी तासभर शिकवा. फोटोपुरतं नको, दर रविवारी. पावसाळ्यात बहुतेक क्रिकेट थांबतं, पोरं मोकळी असतात, चिखलातला फुटबॉल त्यांना आवडतोच. त्यांना सामन्याला बॉलबॉय करा, घरचे आपोआप येतील.

१८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेला मुंबईच्या कूपरेज मैदानावर गर्दी उसळायची, म्हणजे मुंबईला फुटबॉलचं वावडं नाही. सामन्याची वेळ नाक्यावरच्या चहावाल्याकडे मराठीत लिहून लावा. आणि हरलात तरी सगळ्यांनी प्रेक्षकांसमोर जाऊन टाळ्या वाजवायच्या, मगच बूट काढायचे.