पोहणं बेताचं असताना नाशिकहून मालदीवला, भर समुद्रातल्या प्रवाळांवर स्कुबा डायव्हिंग करायला जाता येईल का?

येईल. पण तुम्ही म्हणता तसं येत्या डिसेंबरात नाही.

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. वय चाळिशीच्या आत, डोळ्यांना चष्मा, मालवणला एकदा स्कुबा झालंय, पोहणं जेमतेम तलावाच्या आडव्या बाजूपुरतं. मित्रांचा ग्रुप मालदीवमध्ये आठवडाभर बोटीवरच राहून डायव्हिंग करायला निघालाय आणि एजंट म्हणतो, "सर्टिफिकेट तिकडेच काढून देऊ." घरच्यांना काळजी शार्कची.

मालवणचं आधी बोलू. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांसाठी जे चालतं त्यात एक माणूस सगळा वेळ तुम्हाला धरून असतो. पाणी दोन-तीन पुरुष. श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याला हात हलवायचा, एवढंच तुमचं काम. मजा येते, नाही कशाला म्हणू. पण त्या जोरावर मालदीवच्या प्रवाळकड्यांमधल्या खिंडीत उतरणं म्हणजे गंगापूर धरणावर पॅडल बोट मारली म्हणून गलबत हाकायला निघणं.

फरक कुठे पडतो ते कळायला ती बेटं बनली कशी हे बघा. आणि ही गोष्ट आपल्या घरापासूनच सुरू होते. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर ज्या काळ्या दगडाचे आहेत तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याचा उगम ज्या तप्तस्थळाशी (पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहतो ती जागा) जोडतात ते आज रियुनियन बेटाखाली आहे. आपला भूखंड त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे ज्वालामुखींची रांग राहिली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस. ते ज्वालामुखी थंडावले, खचले, पाण्याखाली गेले. त्यांच्या काठावरच्या प्रवाळाला मात्र उजेड हवा, म्हणून ते वरवर वाढत राहिलं. कंकणाकृती बेटं अशी होतात हे डार्विनने १८४२ साली नुसत्या तर्काने मांडलं होतं. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनेवेटाक बेटावर ड्रिलिंग केलं तेव्हा साधारण १,४०० मीटर चुनखडी संपल्यावर खाली बसाल्ट लागला. म्हातारा बरोबर होता. (म्हणजे हे मांडलं तेव्हा तो तिशीतला होता, पण आपल्याला फोटो दाढीवालाच आठवतो.)

तर अशा प्रवाळाच्या बाहेरच्या अंगाला तळ नसतो. किनाऱ्यालगत दहा-बारा मीटरवर वाळू लागते, चुकून बुडालात तर तिथे टेकता. इथे कडा सरळ खाली जातो आणि खाली निळ्याचं काळं होत जातं. त्यात नदी नाही, गाळ नाही, त्यामुळे पाणी इतकं स्वच्छ की तीस-तीस मीटर दिसतं. मालवणला गढूळ दिवशी स्वतःची फिन दिसायची मारामार असते, त्यामुळे हे वर्णन ऐकून माणूस हरखतो. पण स्वच्छ पाण्यात खोलीचा अंदाज लागत नाही. पंधरा मीटरवर आहोत असं वाटत असतं आणि मनगटावरचा कॉम्प्युटर सत्तावीस दाखवतो. दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. सूट आणि तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट यांच्यातली हवा आकसते, तुम्ही आणखी जड होता, आणखी खाली जाता. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे वर तासभर पुरली असती ती हवा तिथे पंधरा मिनिटांत संपते. घाबरून धापा टाकल्या तर त्याच्याही आधी.

आता प्रवाह. बेटांच्या कड्यात मधून मधून खिंडी असतात, मालदीवचे लोक त्यांना कांडू म्हणतात. भरतीला बाहेरचं नितळ पाणी खिंडीतून आत घुसतं आणि शार्क त्या तोंडाशी येऊन थांबतात. ओहोटीला आतलं गढूळ पाणी बाहेर पडतं आणि तुम्हालाही बाहेर ढकलतं. म्हणून डाइव्हची वेळ घड्याळावर ठरत नाही, पाण्यावर ठरते. जॅकेट रिकामं करून उडी मारायची आणि लगेच खाली जायचं. वर रेंगाळून मास्क नीट करत बसलात तर प्रवाह तुम्हाला ठरलेल्या जागेवरून पुढे घेऊन गेलेला असतो. कड्याच्या ओठाशी पोचलं की मेलेला खडक बघून त्यात जॅकेटला दोरीने बांधलेला हूक अडकवायचा, जिवंत प्रवाळात नाही. दोरी ताणली की जॅकेटमध्ये थोडी हवा भरायची, मग तुम्ही आपोआप वर उचलले जाता. मग बघत राहायचं. बुडबुडे वर जायच्याऐवजी आडवे मागे पळतात. मान वळवली की पाणी मास्क उचकटायला बघतं. आणि समोर त्याच धारेत पाच-सहा फुटी ग्रे रीफ शार्क शेपटीला जेमतेम झोल देत एका जागी तरंगत असतात. ज्या पाण्यात आपल्याला हूक लागतो त्यात ते निवांत असतात! घरच्यांना सांगा, तिथे त्यांना तुमच्यात काडीचा रस नसतो. त्यांना डिवचू नका, खायला घालू नका, एवढं पुरे.

माझ्या मते शार्कपेक्षा काळजी करायची ती वर येतानाची. प्रवाहाबरोबर वाहत डाइव्ह संपतो, म्हणजे उडी मारली त्या जागेपासून तुम्ही लांब निघता. बोट बुडबुड्यांवर नजर ठेवून मागे येते, पण लाटा असल्या की पाण्याबाहेरचं एक डोकं दोन-तीनशे मीटरवरूनही दिसत नाही. म्हणून प्रत्येकाजवळ नारिंगी रंगाची फुगवायची लांब नळी हवी. ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतंच, तेव्हाच ती रिळाच्या दोरीने वर सोडायची. हे व्हिडिओत सोपं दिसतं. प्रत्यक्षात एका हातात रीळ, दुसऱ्या हातात नळी, तोंडातली हवा त्यात, आणि हे सगळं करताना खोली बदलू द्यायची नाही. दोरी बोटाला गुंडाळली तर नळी तुम्हालाच वर ओढते. हे तळ असलेल्या पाण्यात घोटवून मगच पुढे जायचं. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्यात असताना बोट निघून गेली. दोघं मागे राहिलीत हे दोन दिवसांनी लक्षात आलं आणि ती पुन्हा सापडलीच नाहीत. तेव्हापासून तिकडे डोकी मोजण्याचे नियम कडक झाले. तुमच्या बोटीवर हजेरी नावाने घेतात का, हे बुकिंगच्या आधी विचारा. प्रश्न बावळट वाटला तरी विचारा.

अंतराचंही तसंच. फिलिपिन्समधलं तुब्बताहा घ्या. सुलू समुद्राच्या मधोमध, वर्षात साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच जाता येतं, आणि पुएर्तो प्रिन्सेसाहून बोट रात्रभर चालते. तिथे कोणाला काही झालं तर तेवढंच अंतर उलटं कापायचं. म्हणून अशा बोटी अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट आणि पन्नासच्या आसपास डाइव्हची नोंद मागतात. मालदीवमध्ये हौशी डायव्हरला ३० मीटरची मर्यादा कायद्यानेच आहे, पण बऱ्याच बोटींची अनुभवाची अट असतेच. तुमच्या एजंटने ती सांगितलेली दिसत नाही. आठवड्याच्या बोटीचं वेळापत्रक जुन्या डायव्हरना धरून आखलेलं असतं, एका शिकाऊसाठी ती थांबत नाही. प्रवासाचा विमा काढताना त्यात स्कुबा आहे का आणि किती खोलीपर्यंत, हेही वाचा. साध्या पॉलिसीत बहुधा नसतं.

मग करायचं काय? आधी पोहणं. सावरकर जलतरण तलावाचा पास काढा आणि न थांबता २०० मीटर, वेगाची घाई नाही, आणि दहा मिनिटं पाण्यावर नुसतं पडून राहणं, एवढं जमेपर्यंत जात राहा. ओपन वॉटर या डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सला नेमकं हेच लागतं. तो कोर्स तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत होतो, मुरुडेश्वरला नेत्राणी बेटावर होतो, अंदमानात होतो. त्याने १८ मीटरपर्यंतचा परवाना मिळतो. कोर्सआधी तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो. दमा, हृदय, कान यांपैकी काही असेल तर लपवू नका, डॉक्टरांची सही घ्या.

तारकर्लीला कोर्स केलात तर एक आपल्यासारख्या घाटावरच्यांसाठी. शेवटचा डाइव्ह झाला की त्याच दुपारी गाडी काढून आंबोली चढू नका. डायव्हिंगनंतर विमान टाळायचा जो नियम आहे, एका डाइव्हनंतर १२ तास आणि सलग दिवसांच्या डाइव्हनंतर १८, तो सुमारे ६०० मीटरच्या वरच्या कुठल्याही उंचीला लागू धरतात. आंबोली त्याच्या वर आहे. हवेचा दाब घटला की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, आणि तो विमान आणि घाट यात फरक करत नाही. एक रात्र मासे खा, सकाळी निघा.

मग लक्षद्वीप. माझं मत विचाराल तर मालदीवच्या आधी हेच. त्याच ज्वालामुखींच्या रांगेतलं, तसाच बाहेरचा कडा, पण डायव्हिंग सेंटर बेटावर असतं आणि रात्री जमिनीवर झोपता. बेटांवर जायलाच परवाना लागतो, तो आधी काढावा लागतो. गाडी तर आपल्या नाशिकरोडवरूनच जाते, मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. ती एर्नाकुलमला सोडते, पुढे कोचीहून अगत्तीला विमान किंवा जहाज. कडमत आणि बंगारामला अनुभव घ्या. उथळ भागात काही ठिकाणी पांढरे सांगाडे दिसतील. १९९८, २०१६ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत तापलेल्या पाण्याने खूप प्रवाळ मारलं. तरी पॅरटफिश खडक कुरतडतो त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. बेटावरची पांढरी वाळू बरीचशी त्याच्याच पोटातून आलेली असते, पण हे हनिमूनवाल्यांना सांगू नये.

आपल्या कोकणापुढेही भर समुद्रात असं प्रवाळ आहे. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. पण तिचा माथाच वीसेक मीटर पाण्याखाली आहे, आसपास जमीन नाही. पहिल्या वर्षाचा विषय नाही तो.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. मी अंबडच्या एमआयडीसीत कंप्रेसरवर काम करतो, म्हणून माझं लक्ष तिकडे आधी जातं. सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रोटेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने त्याची ताकद तपासल्याची, तारीख ठोकलेली असते, ती बघा. व्हॉल्व्ह किंचित उघडून हवेचा वास घ्या. तेलाचा, डिझेलचा वास आला तर ती टाकी परत करा. सेंटरवाला हसला तरी करा.

या हिशेबाने पावसाळ्यात तलाव, दिवाळीनंतर कोर्स, उन्हाळा लागायच्या आत लक्षद्वीप, आणि ग्रुप थांबला तर पुढच्या डिसेंबरला मालदीव. डिसेंबरात जाताना नाशिकची सर्दी बरोबर नेऊ नका. कान मोकळे होत नसतील तर डाइव्ह सोडायचा. गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खालीच संपला तर वर येताना कान अडकतो.

चष्म्याचं विचारलंत. मास्कला नंबरची काच बसवून मिळते, मास्क तेवढा पहिल्यापासून स्वतःचा घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने हवा आत ओढा, हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. आणि मिशी असेल तर नाकाखालची एक बारीक पट्टी कातरावी लागेल, नाहीतर तिथून पाणी झिरपत राहतं.