अठ्ठावन्नाव्या वर्षी हाफची वेळ घसरते आहे: वय की सराव?

तुमच्या प्रश्नातून मला समजले ते असे. वय अठ्ठावन्न, सात वर्षांचे नियमित धावणे, दोन वर्षांपूर्वी हाफ मॅरेथॉन १ तास ४९ मिनिटांत आणि यंदा १ तास ५७ मिनिटांत. आठवड्याचे पाच दिवस आणि पन्नास किलोमीटर दोन्ही वर्षी सारखेच, डावी पोटरी अधूनमधून धरते, आणि साठी पूर्ण झाली की मुंबई मॅरेथॉनमध्ये वयोगटात पहिल्या तिघांत येण्याची इच्छा आहे. वेळ घसरते आहे ती वयामुळे की सरावामुळे, आणि आता फुल मॅरेथॉनकडे (४२ किलोमीटर) वळावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते ही घसरण बहुतांशी सरावाची आहे, आणि फुलचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

वयाचा वाटा आधी मोजून वेगळा काढू. प्रौढ खेळाडूंची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड मास्टर्स ॲथलेटिक्सची एज ग्रेडिंगची (वेळ वयानुसार तोलण्याची) कोष्टके पाहिली, तर पंचावन्न ते पासष्ट या टप्प्यात चांगल्या धावपटूची वेळ दर वर्षी साधारण एका टक्क्याच्या आसपास वाढत जाते असे दिसते. १०९ मिनिटांचा एक टक्का म्हणजे एक मिनिट पाच सेकंद. दोन वर्षांची सव्वादोन मिनिटे धरू. तुमची आठ मिनिटे गेली आहेत. उरलेली पावणेसहा मिनिटे वयाच्या नावावर टाकून मोकळे होणे सोपे असले, तरी हिशेब तसे सांगत नाही.

ही मिनिटे शोधायला रस्त्यावर उतरण्यापूर्वी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) एवढे पुरे. आपल्याकडे शाकाहारी माणसाचे बी-१२ खाली असणे इतके सर्रास आढळते की, दमायला होते म्हणून सराव बदलत बसण्याआधी ही शंका फेडून घेणे स्वस्त पडते. त्याच सुमारास हृदयरोगतज्ज्ञाकडे जाऊन, तुम्ही केवळ फिरायला जाणारे नसून स्पर्धेत जोर लावून धावणार आहात हे स्पष्ट सांगा. पस्तिशीनंतर खेळताना अचानक होणाऱ्या मृत्यूंचे मुख्य कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे हेच असते, आणि टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून घेतलेली हृदयाची तपासणी) नॉर्मल आली म्हणजे अडथळा नाहीच असे सिद्ध होत नाही; म्हणून घराण्यातला इतिहास, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब हे सगळे एकत्र पाहून पुढच्या तपासण्या ठरवण्याचे काम त्यांच्यावर सोडा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर घड्याळावरच्या हृदयगतीच्या झोनना काही अर्थ उरत नाही, हेही ध्यानात ठेवा. कमाल हृदयगती काढण्याचे ‘२२० वजा वय’ हे सूत्र तर कोणाच्याच बाबतीत फारसे भरवशाचे नाही.

आता सरावाकडे वळू. तुम्ही दिलेल्या नोंदींमध्ये मला खटकली ती एकच गोष्ट: पाचही दिवसांचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ५:५० ते ६:०५ मिनिटांच्या दरम्यान आहे. यंदाच्या हाफचा पेस ५:३३ पडतो, म्हणजे रोजच्या धावा स्पर्धेपेक्षा जेमतेम वीस-तीस सेकंदांनी संथ आहेत. हा वेग दमवण्याइतका जलद आहे, पण वेगवान बनवण्याइतका नाही. पस्तिशीचा माणूस असा सराव वर्षानुवर्षे पचवतो, कारण त्याचे स्नायू दुसऱ्या दिवशी बहुतेक भरून आलेले असतात. आपल्या वयात ते भरून यायला दोन, कधी तीन दिवस लागतात. त्यामुळे आपण सतत अर्धवट भरलेल्या पायांनी धावत राहतो, खरा जोर कधीच लागत नाही, आणि जो वापरला जात नाही तो वेग शरीर पहिल्यांदा काढून घेते. वयाबरोबर आखूड होते ते मुख्यतः पाऊल. मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या त्यामानाने टिकून राहते. पाऊल लांब ठेवणारे स्नायूंतले जलद तंतू, कमाल प्राणवायू वापरण्याची क्षमता, पोटरी आणि अकिलीसचा (टाचेमागच्या शिरेचा) ताठपणा, या सगळ्यांना अधूनमधून मोठा भार लागतो, आणि तो मिळाला तर ही क्षमता बैठ्या माणसापेक्षा कितीतरी सावकाश उतरते.

म्हणून माझा सल्ला आपल्या ग्रुपांमध्ये ऐकू येणाऱ्या सल्ल्याच्या उलट आहे. ‘वय झाले, आता वेग सोडा, फक्त किलोमीटर जमवा’ असे म्हणणारे खूप भेटतील. माझे म्हणणे, वेग ठेवा आणि जोराच्या दोन सरावांमधले सोपे दिवस वाढवा. सात दिवसांच्या आठवड्यात दोन कठीण सराव आणि एक लाँग रन बसवण्याचा हट्ट सोडून नऊ दिवसांचे चक्र धरा. पहिल्या दिवशी चढाचा सराव: साठ-सत्तर सेकंदांचा मध्यम चढ आठ वेळा जोरात चढायचा आणि प्रत्येक वेळी चालत उतरायचे. चौथ्या दिवशी टेम्पो, म्हणजे स्पर्धेच्या वेगाजवळची धाव: दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे, ५:२५ च्या आसपास, मध्ये दोन मिनिटे हळू जॉगिंग. सातव्या दिवशी सतरा-अठरा किलोमीटरची लाँग रन. मधल्या सहा दिवसांपैकी तीन दिवस पूर्ण विश्रांती किंवा सायकल आणि तीन दिवस हळू धाव. हळू म्हणजे ६:४५ किंवा त्याहूनही मंद, शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल अशी. सोसायटीतले तरुण मागून पुढे निघून जातील, जाऊ द्यावे. एकूण किलोमीटर कमी भरतील, त्याची चिंता नको.

जपानच्या मारिको युगेता यांचे उदाहरण इथे लागू पडते. १९८२ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्यांनी पहिली मॅरेथॉन ३:०९:२१ मध्ये धावली. २०१९ मध्ये तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या साठीपुढच्या त्या पहिल्या महिला ठरल्या, आणि २०२१ च्या जानेवारीत ओसाका येथे, बासष्टाव्या वर्षी, २:५२:१३ ही वेळ त्यांनी दिली. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या या बाईंनी साठीनंतरही वेगाचा सराव ठेवला. दुसरीकडे लोक हमखास कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांचे नाव घेतात. ते घराजवळच्या दफनभूमीत तीन-तीन तास मंद गतीने फेऱ्या मारत, आणि २००४ मध्ये त्र्याहत्तराव्या वर्षी २:५४:४८ मध्ये मॅरेथॉन धावले. त्यांची गोष्ट सांगताना दोन तपशील मात्र गाळले जातात. ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी २:३१ धावलेले गृहस्थ होते. आणि कमी अंतराच्या स्पर्धा ते वारंवार धावत, म्हणजे जोराचा सराव त्यांना तिथे मिळे. शिवाय त्यांची हळू धाव खरोखर हळू असे.

पोटरीबद्दल. ती पुन्हा पुन्हा धरते याचा अर्थ ती भारासाठी कमकुवत आहे; मालिश आणि पट्टी यांनी तात्पुरते बरे वाटते, एवढेच. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभे राहा, दोन्ही पायांवर वर या, मग एकाच पायावर तीन मोजत टाच पायरीच्या खाली उतरवा. पंधराचे तीन संच गुडघा सरळ ठेवून आणि तेवढेच गुडघा किंचित वाकवून, कारण खोलवरचा सोलिअस स्नायू वाकलेल्या गुडघ्यातच खरा कामाला लागतो. हे सहज जमू लागले की पाठीवर सॅक घेऊन तिच्यात आधी पाच किलो तांदूळ आणि पुढे दहा किलो टाका. आठवड्यातून तीनदा, किमान तीन महिने. चढाचा सराव यातला पहिला महिना झाल्यावरच सुरू करा, कारण चढावर पोटरीवर सर्वाधिक ताण येतो. कार्बन प्लेटचे महागडे बूटही तोवर दुकानातच राहू द्या. याखेरीज आठवड्यातून दोनदा जिममध्ये वजन उचलणे आपल्या वयात ऐच्छिक राहिलेले नाही. शिकवणारा मिळाला तर स्क्वॉट आणि डेडलिफ्ट एवढेही बस होईल.

खाण्याचे थोडक्यात सांगते. स्पर्धेत उतरणाऱ्या आपल्या वयाच्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. सकाळी धावून आल्यावर कांदेपोहे आणि दुपारी वरण-भात-भाजी एवढ्यावर हा आकडा भरत नाही. अंडी चालत असतील तर एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. नसतील तर पनीर, दही, उसळी आणि सोयाबीन यांचा हिशेब मांडून खा.

आता स्पर्धेविषयी. पावसाळा संपला की फेब्रुवारीपर्यंत जवळपास प्रत्येक रविवारी कुठे ना कुठे स्पर्धा असते, आणि आपल्या वयाची निम्मी मंडळी मेडलसाठी त्या सगळ्या धावतात. ज्याला पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा, हवे आहे त्याने मोसमात जोर लावून धावायच्या स्पर्धा तीनच ठेवाव्यात: दोन दहा किलोमीटरच्या आणि एक हाफ. सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावायचीच असेल तर मजेत धावा. तिच्या मार्गावरचा यवतेश्वरचा घाट चढताना पोटरी ओढली जाते आणि उतरताना मांड्यांचे स्नायू ताणाखालीच लांबत राहतात. या दुसऱ्या प्रकारची झीज आपल्या वयात सर्वांत सावकाश भरून येते. मुंबईत पेडर रोडचा चढ पाय थकल्यावर समोर येतो आणि हवाही दमट असते, तेव्हा पहिले पाच किलोमीटर ठरलेल्या पेसपेक्षा पाच-सात सेकंद मंद धावण्याचा संयम ठेवा. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, पण म्हणून प्रत्येक स्टॉलवर बाटली रिचवणेही धोक्याचे आहे. धावण्याआधी वेदनाशामक गोळी तर अजिबात नको. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला महागात पडते.

साठी पूर्ण होणे ही तुमच्यासाठी संधी आहे, कारण नव्या गटात तुम्ही सर्वांत तरुण असाल. मागच्या दोन-तीन वर्षांचे निकाल उघडून त्या गटात तिसऱ्या आलेल्याची वेळ काढा आणि उद्दिष्ट त्यावरून ठरवा. नियमावलीत तीन गोष्टी पाहा: वय कोणत्या तारखेला धरतात, गट पाच वर्षांचा आहे की साठच्या पुढचे सगळे एकत्र, आणि बक्षीस गन टाइमवर (स्पर्धा सुटल्यापासून मोजलेल्या वेळेवर) देतात की चिपच्या नेट टाइमवर (तुम्ही स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनच्या वेळेवर). गन टाइमवर देत असतील तर मागच्या कोरलमधून (सुरुवातीला वेगानुसार पाडलेल्या रांगांपैकी मागच्या रांगेतून) सुटलेल्या धावपटूचे पोडियम सुरुवातीच्या रेषेवरच हुकू शकते. म्हणून नोंदणी करताना यंदाचे चांगले टायमिंग सर्टिफिकेट जोडून पुढचा कोरल मिळवा.

फुलसाठी लागणाऱ्या तीस किलोमीटरच्या धावा तुमची पोटरी आज सोसणार नाही, आणि त्यांच्यामुळे वरचे चक्रही मोडेल. हाफ पुन्हा १:५२ च्या आत आली आणि पोटरी सहा महिने गप्प राहिली की तो विषय काढू. रक्ताचे रिपोर्ट आले की आकडे इथे लिहा, आणि सोबत गेल्या तीन महिन्यांत सकाळी उठल्यावरची नाडी किती राहिली तेही द्या, म्हणजे नऊ दिवसांचे चक्र तुम्हाला पुरते की दहाचे करावे लागेल हे ठरवता येईल.