प्रदर्शनातला माल रात्री कुठे ठेवायचा?

प्रश्न : ताई, मी चांदीच्या तारेचे दागिने, सिरॅमिकचे मणी आणि हाताने रंगवलेले स्टोल करते. आजवर एकदिवसीय प्रदर्शनंच केली. आता पहिल्यांदा चार दिवसांच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला आहे. मैदानावर मंडप आणि तिन्ही बाजूंना कापडी भिंती, एवढंच आहे. ‘रात्री रखवालदार असतो’ असं आयोजक सांगतात, पण करारात ‘मालाची जबाबदारी स्टॉलधारकाची’ असं छापलंय. रोज सगळं उचलून न्यायचं तर दोन तास जातात आणि मी एकटीच असते. काय ठेवू, काय नेऊ?

उत्तर : छापलंय तेच खरं धरा. रखवालदार मैदानाचा असतो, तुमच्या स्टॉलचा नाही. रात्री साडेनऊला तुमच्या स्टॉलमधून खोका घेऊन निघालेली बाई तुमची बहीण आहे की कोणी भलतीच, हे त्याला कळणार कसं?

माझा पहिला मोठा तोटा असाच झाला. तीन दिवसांचं प्रदर्शन होतं, दुसरी संध्याकाळ. बंदची घोषणा झाली, मी कानातल्यांचे ट्रे आवरून कापडी पिशवीत भरले, पिशवी टेबलामागच्या खुर्चीवर ठेवली आणि दोन जड खोके गाडीत टाकायला गेले. सात-आठ मिनिटांत परत आले तर खुर्ची रिकामी. दिवे चालू होते, शेजारचे सगळे आवराआवरीत होते, कुणालाच काही दिसलं नव्हतं. सदतीस जोड गेले. त्याच रात्री मागे राहिलेल्या झाकलेल्या टेबलाला मात्र कुणी हात लावला नाही. तेव्हापासून मला भीती वाटते ती रात्रीच्या दोन काठांची : बंद होतानाचा अर्धा तास आणि सकाळी उघडण्याआधीचा अर्धा तास. त्या वेळी खोके उचलणारा माणूस कुणालाच संशयास्पद वाटत नाही.

म्हणून दागिने आधी आवरा, शेवटी नाही. घोषणेच्या पंधरा मिनिटं आधी, गर्दी पातळ झाली की चांदीचं सगळं एका आडव्या पट्ट्याच्या पिशवीत भरा आणि ती अंगावर अडकवा. गाडीकडे दोन फेऱ्या झाल्या तर ती पिशवीही दोन फेऱ्या करेल. मुक्कामाच्या ठिकाणीही ती गाडीत ठेवू नका. विमा असेल तर पॉलिसी आजच काढून वाचा : कुणी नसलेल्या गाडीतून गेलेला माल बऱ्याच पॉलिसींत वगळलेला असतो किंवा त्याला अटी असतात. कुलूप किंवा दार फोडल्याच्या खुणा असाव्यात, ही अटही पुष्कळदा असते. कापडी भिंत वर करून कोणी आत शिरला तर फोडल्याची खूण कुठून दाखवणार?

स्टोल आणि मणी मागे राहू द्या, पण पत्र्याच्या ट्रंकेत, कुलपात. ट्रंक विकत घेताना कडीकोयंड्याचे स्क्रू पाहा. ते बाहेरून दिसत असतील तर कुलूप कितीही भक्कम असो, पेचकसाने कोयंडाच निघतो. त्या जागी आरपार बोल्ट घालून नट आतून घट्ट करून घ्या. ट्रंक साखळीने बांधताना नवे लोक हमखास एक चूक करतात, मीही केली होती : साखळी मंडपाच्या खांबाला गुंडाळायची. खांब चार बोटं उचलला की साखळी खालून सुटते. साखळी ट्रंकेच्या कडीतून काढून टेबलाच्या बंद चौकटीतून ओवा आणि दुसरी ट्रंक असेल तर तिच्याही कडीतून न्या. एवढं धूड उचलून चालायला कुणाला जमत नाही.

वरून साधी, मळखाऊ रंगाची चादर जमिनीपर्यंत सोडा आणि चिमटे लावा. रिकामे ट्रे आणि रिकामा गल्ला मुद्दाम उघडे, दिसतील असे ठेवा. कापडी भिंतींना चेन असेल तर तिच्या दोन्ही खिट्ट्या एकत्र करून क्रमांक असलेलं प्लॅस्टिकचं सील लावा, क्रमांक वहीत लिहा. सील कात्रीनेही कापता येतं, त्याच्याने चोरी थांबत नाही. पण आत कोणी शिरलं होतं का, हे तुम्हाला सकाळी कशालाही हात लावण्याआधी कळतं. सील तुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका. आधी फोटो, मग आयोजक, मग पोलिसांत तक्रार. त्या तक्रारीला तुमची वही लागेल : सकाळी किती नग होते, किती विकले, किती झाकून ठेवले. झाकण्याआधी फोनवर दोन-तीन बाजूंनी फोटोही काढा. माझ्या सदतीस जोडांचा आकडा मी छातीठोक सांगू शकले, तो वहीमुळेच.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते सांगते. चोरांनी जेवढं नेलं त्याहून जास्त माझं दमटपणाने गेलंय. उघड्या आकाशाखाली मंडपाचं छत रात्री उष्णता सोडून झपाट्याने गार होतं आणि हवेतली वाफ त्यावर धरते, आतल्या बाजूनेही. पहाटे ते थेंब खाली पडतात. एकदा मी कापडाच्या पिशव्यांचा ढीग प्लॅस्टिकमध्ये करकचून गुंडाळला होता. सकाळी प्लॅस्टिकला आतून घाम फुटलेला आणि वरच्या पिशव्यांवर रंग पसरलेला. आता मी मालावर आधी सुती चादर टाकते, तिच्यावर ताडपत्री, आणि मधे हवा खेळेल अशी खालची कड मोकळी सोडते. ट्रंकेचं उलट असतं : माल कोरडा असतानाच भरून झाकण घट्ट लावायचं, आत सिलिका जेल ठेवायचं. रंग बदलणारे दाणे घेतलेत तर ते कधी भिजले हे दिसतं, आणि तापवून पुन्हा वापरता येतात. संध्याकाळच्या हवेत लटकलेले स्टोल ओलसर लागले तर त्यांची घडी घालून ट्रंकेत कोंबू नका, सैल गुंडाळी करून मुक्कामावर न्या. चांदीच्या जोड्यांना रबरबँड कधीच लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. ट्रंकही जमिनीवर नको, विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर चार-सहा इंच उचलून ठेवा.

पाऊस येण्याची शक्यता असेल तर छताला झोळ राहता कामा नये. एक चौरस मीटर झोळात पाच सेंटिमीटर पाणी साचलं की ते पन्नास किलो भरतं, आणि त्याखाली तुमचे मणी असतील. वाऱ्याचंही तसंच : वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. चारही पायांना वजन बांधूनच निघा, संध्याकाळी कितीही शांत वाटलं तरी.

आयोजकांना आजच लेखी विचारा : रात्री किती फाटकं उघडी असतात, बंद झाल्यावर आत कुणाला सोडतात, दिवे किती वाजेपर्यंत, सकाळी स्टॉलधारकांना किती वाजता प्रवेश. पहिल्याच दिवशी शेजारच्या दोन्ही स्टॉलवाल्यांशी ओळख करून घ्या आणि तुमच्यानंतर तुमच्या स्टॉलवर कोणी येणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगून ठेवा. एकट्या बाईला यासारखी दुसरी राखण नाही. माझी पिशवी गेली तेव्हा मी शेजारणीशी तीन शब्दही बोलले नव्हते.

आणि स्टॉलमध्ये झोपायचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. माल पुन्हा करता येतो.

प्रश्न : मी लाकडी शिल्पं करतो. एकेक पंचवीस-तीस किलोचं. ती रात्री मंडपातच ठेवली तर चालेल ना?

उत्तर : चोरीच्या दृष्टीने चालेल, फक्त चाकांच्या चौथऱ्यावर असतील तर रात्री त्यावरून उतरवा. लाकूड मात्र दमट हवेत रेषेच्या आडव्या दिशेला फुगतं आणि दिवसा सुकलं की आकसतं, त्यात जोड उकलतात. जोडकामाच्या शिल्पांवर सुती चादर टाका, प्लॅस्टिक थेट लाकडाला चिकटू देऊ नका, आणि सकाळी झाकण काढल्यावर त्यांना लगेच उन्हात ढकलू नका, तासभर सावलीत राहू द्या. फोन किंवा दिव्यांच्या बॅटऱ्या त्यांच्याशेजारी रात्रभर चार्जिंगला लावून जाऊ नका. लाकूड, कापड आणि बंद मंडप यांच्यात ठिणगी पडली तर ती विझवायला तिथे कोणी नसतं.