शिगमो कोणाचा अपभ्रंश?

गोव्यातल्या डिचोलीहून एका वाचकाने विचारलं आहे: गावच्या शिगम्याची पत्रिका मराठीत छापायची आहे. त्यात 'शिगमो' लिहिलं, तर कमिटीतले काहीजण म्हणतात, हा 'शिमगा'चा अपभ्रंश, छापील पत्रिकेत शुद्ध शब्दच हवा. खरं काय?

खरं नेमकं उलटं आहे. चित्ररथांच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकावरून हेच वाक्य कानावर पडतं, "शिगमो, म्हणजेच शुद्ध मराठीतला शिमगा", आणि डोकं उठतं. अक्षरांची अदलाबदल झाली आहे ती शिमग्यात. शिगमो जागच्या जागी आहे.

बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने 'देशीनाममाला' हा प्राकृत शब्दांचा कोश रचला. त्यात फाल्गुनातल्या उत्सवाचं नाव आहे 'सुगिम्हअ', म्हणजे संस्कृतातला 'सुग्रीष्मक'. प्राकृतात ष्म, स्म यांचा म्ह होतो. 'अस्म'चं 'अम्ह' होऊन आपलं 'आम्ही' ज्या वाटेने आलं, त्याच वाटेने 'ग्रीष्म'चं 'गिम्ह' झालं. पुढे 'गि'तल्या इकाराने 'सु'ला आपल्याकडे ओढलं. इकार लागला की आपल्याकडे स चा श होतोच ('सिंग'चं शिंग, 'सिक्ख'चं शिकणे). झाला शिगमो! आधी ग, मग म, मूळ शब्दात आहेत तसेच. शेवटचा ओकारसुद्धा प्राकृतातल्या 'अओ'चा थेट वारस: 'घोडओ'चा इकडे घोडो, घाटावर घोडा.

घाटावर ग आणि म यांनी जागा बदलल्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हिंदीवाला 'डूबना' म्हणतो, आपण 'बुडणे' म्हणतो. संस्कृत 'लघुक'चं प्राकृतात 'हलुअ' झालं आणि आपल्याला 'हळू' मिळालं. खुद्द 'महाराष्ट्र' या नावाचं 'मरहट्ट' होताना ह आणि र उलटे झाले होते. वर्णविपर्यय, म्हणजे अक्षरांची ही अदलाबदल, हा भाषेचा रीतसर व्यवहार आहे. पण तो ज्या शब्दात झाला त्याला मूळ म्हणायचं आणि ज्यात झाला नाही त्याला अपभ्रंश, हा कुठला न्याय?

आता 'सीमगा'वाल्यांकडे वळतो. सीमेवर जातो तो सीमगा, त्याचा शिमगा, असं ही मंडळी छातीठोकपणे सांगतात. यांनी मराठीचे उच्चार कधी कान देऊन ऐकलेले नाहीत. दोन स्वरांमधल्या एकट्या म चा आपल्याकडे व होतो: ग्रामचं गाव, नामचं नाव, आणि सीमेची शीव! सीमेपासून हा शब्द निघाला असता तर आपण 'शिवगा' खेळलो असतो. शिमग्यातला म टिकला, कारण तो एकटा नव्हता, ह ला धरून होता.

संस्कृतज्ञांचा आक्षेप याहून वजनदार आहे. फाल्गुन म्हणजे शिशिर. सहा ऋतूंच्या हिशेबात ग्रीष्म येतो ज्येष्ठ-आषाढात. मग फाल्गुनातल्या सणाच्या नावात ग्रीष्म कसा? पण सहा ऋतू हा एकच हिशेब नव्हे. चार-चार महिन्यांचे तीन ऋतू हाही जुना हिशेब आहे, आणि तो आपल्याच दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाचं लेणं पाहा. सातवाहन राणी गौतमी बलश्रीने दान दिल्याचा लेख तिथे आहे. काळ तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याचं 19वं वर्ष; मिती ग्रीष्माचा दुसरा पक्ष, दिवस 13वा. ग्रीष्मासाठी लेखात शब्द आहे तो 'गिम्ह'च! सातवाहनांच्या या कालगणनेत ग्रीष्म, वर्षा, हेमंत एवढे तीनच ऋतू, प्रत्येकाचे आठ पक्ष. वैदिक चातुर्मास्य यज्ञही याच मापाने चालत: वैश्वदेव फाल्गुनी पौर्णिमेला, वरुणप्रघास आषाढीला, साकमेध कार्तिकीला. फाल्गुनी पुनव सरली की ग्रीष्म लागला. सुगिम्ह म्हणजे त्या ग्रीष्माच्या उंबरठ्यावरचा सण. ऋतू चुकलेला नाही, आक्षेप घेणाऱ्यांचं पंचांग अपुरं आहे.

गोव्यातल्या माणसाला तर यासाठी नाशिकला जायचीही गरज नाही. उन्हाळ्याला कोकणीत 'गीम' म्हणतात. तोच गिम्ह! ज्या बोलीत मार्च उजाडताच 'गीम लागलो' म्हणतात, त्याच बोलीत शिगमो आहे. बाप-लेक एका घरात नांदत असताना लेकाचं कूळ परगावी कशाला शोधायचं?

घाटावर शब्द उलटला आणि इथे नाही, याचं माझ्या मते कारण मांड, म्हणजे गावातली विधीची ठरलेली पवित्र जागा, आहे. इथे शिगमो मांडावर उभा राहतो. आधी नमन, मग जत ही गाणी, मग रोमटाची मिरवणूक, तालगडी आणि घोडेमोडणी हे नाच. ज्या शब्दाभोवती विधी असतो त्याला हात लावायला जीभ कचरते. घाटावर शिमगा बोंबेशी जोडला गेला, 'शिमगा करणे' म्हणजे आरडाओरडा, शिवीगाळ असा अर्थ रूढ झाला, आणि चव्हाट्यावरच्या तोंडी तो शब्द हवा तसा वळला. कोकणात पालख्या नाचवतात तिथेही शिमगाच म्हणतात, मग विधी तिथे नाही का, असं मला कोणी तरी नक्की विचारणार. विधी आहेच. पण तिथे 'गीम' हा शब्द रोजच्या बोलण्यात इथल्याइतका नांदत नाही. शिगम्याला सरळ धरून ठेवणारा हात तिथे सैल पडला. हे मत मी सोडणार नाही.

पत्रिकेचं म्हणाल, तर 'शिगमो' बेधडक छापा. मराठी वाक्यात त्याचं 'शिगम्याला', 'शिगम्याचा' असं सहज होतं, आणि मथळ्याला 'शिगमोत्सव' आहेच. कंसात 'शिमगा' मात्र घालू नका.