इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे आयुष्यभर निसर्गचित्रणाशी एकनिष्ठ राहिले, असे म्हणता येईल का?

माझ्या मते अवश्य म्हणता येईल. मात्र निष्ठा म्हणजे एकाच शैलीला चिकटून राहणे, असा अर्थ घेऊ नये. बेंद्रे यांचा जन्म १९१० साली इंदूरला झाला आणि द. दा. देवळालीकर यांनी येथे सुरू केलेल्या चित्रशाळेत त्यांचा पाया घातला गेला. देवळालीकर विद्यार्थ्यांना उघड्यावर, प्रत्यक्ष प्रकाशात रंगवायला नेत असत, आणि माझ्या दृष्टीने बेंद्र्यांच्या साऱ्या कामाचे मूळ तेथेच आहे.

ही शिस्त किती कठीण आहे, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाही. उन्हाळ्यात इंदूरच्या कृष्णपुऱ्यातील छत्र्यांसमोर, म्हणजे होळकरांच्या दगडी स्मारकांसमोर, जलरंग घेऊन बसले, की आकाशाचा पातळ थर कागदावर पसरेपर्यंत वाळू लागतो आणि दगडी कमानीखालची जांभळट सावली नजर वळवून पाहावी तोवर सरकलेली असते. त्यामुळे काय टिपायचे आणि काय सोडायचे, याचा निर्णय हाताला क्षणात घ्यावा लागतो.

पुढे काश्मीरमध्ये त्यांनी भरपूर निसर्गचित्रे केली. १९५० पासून १९६६ पर्यंत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले आणि त्याच काळात घनवादाकडे (वस्तू भौमितिक आकारांत मोडून मांडण्याच्या शैलीकडे) व अमूर्ताकडे वळूनही पाहिले. उतारवयात तर ते बारीक रंगबिंदू शेजारी शेजारी ठेवून चित्र उभे करीत, म्हणजे इंदूरच्या उन्हात शिकलेला प्रकाशाचाच प्रश्न ते नव्या रीतीने सोडवीत होते. १९९२ साली त्यांचे निधन झाले.